गोंदणाऱ्यांचा व्यवसायधर्म

एकाच धंद्यातील दोन माणसांचे पटत नाही, हा अनुभव जगाइतकाच जुना आहे. दोन वैद्य, दोन ज्योतिषी, दोन गवई, किंवा आमच्याच धंद्यातील उदाहरण द्यावयाचे तर शिकवण्या करणारे दोन मास्तर एका आळीत राहू लागले, की थोड्याच दिवसांत एकाच्या तोंडून दुसऱ्याचे उणे ऐकू येऊ लागते. आणि आपण गृहस्थमंडळीही ते मोठ्या चवीने ऐकतो. वैद्याचे औषध लागू पडते की नाही हे आपणास कळत नाही. परंतु दुसरा वैद्य कसा मूर्ख आहे, हे मात्र चटकन कळते! तथापि पस्तीस वर्षे शाळेत घालविल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की, प्रतिस्पर्ध्याविषयी बोलताना ज्याचा तोल सुटत नाही, त्याची विद्या बहुधा खोल असते.

ह्या गोष्टीचा विचार करण्यास आम्ही आज जो धंदा निवडला आहे, त्याचे नाव ऐकून कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. तो धंदा म्हणजे गोंदण्याचा. हल्लीच्या भाषेत टॅटूचा. आठ्या जरूर पडाव्यात. पण ज्या घरांतून हे मासिक वाचले जाते, त्यांपैकी कित्येक घरांतील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर आठ्यांच्या मधोमध एक हिरवट ठिपकाही असेल, हे विसरू नये.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नाट्याचार्यांचे भांडण आहे. गणदास आणि हरदत्त ह्या दोघांत श्रेष्ठ कोण, असा वाद राजापुढे येतो. भांडण लावून दिलेले असते विदूषकाने, कारण राजाला मालविकेचे दर्शन घडवावयाचे असते. निवाड्याचे काम पंडिता कौशिकीकडे येते. ती आचार्यांना स्वतः नाचावयास सांगत नाही. शिष्यांचे काम दाखवा, असे म्हणते. एखाद्यास स्वतःला विद्या येते, एखाद्यास ती दुसऱ्याच्या ठिकाणी उतरविता येते, आणि ज्यास दोन्ही साधते तोच श्रेष्ठ, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. गणदासाची शिष्या मालविका ही आमच्या विदर्भाचीच राजकन्या. ह्या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. कारागिरांच्या भांडणात पुष्कळ वेळा तिऱ्हाइताचा काही हेतू असतो, ही पहिली. आणि दोघांच्या विद्येची परीक्षा तिसऱ्याच्याच देहावर होत असते, ही दुसरी. गोंदण्याच्या धंद्यास ही दुसरी गोष्ट जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कोणत्याही धंद्यास क्वचितच पडत असेल.

जुने गोंदण

शरीरावर कायमची खूण करून घेण्याची हौस अतिशय प्राचीन आहे. १९९१ मध्ये आल्प्स पर्वताच्या बर्फात सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे शव सापडले. त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजण्यात आल्या आहेत. आपल्याकडे एवढ्या दूर जावयास नको. कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, मनगटावर तुळशीवृंदावन, विंचू किंवा गोपद्म, दंडावर रामाचे नाव, हे सर्व आपल्या आज्या-पणज्यांनी मोठ्या हौसेने करून घेतलेले आहे. सोने-नाणे येथेच राहते आणि गोंदण तेवढे बरोबर येते, असे त्या म्हणत. चोरास नेता येत नाही आणि सावकारास गहाण घेता येत नाही, असा दागिना जगात हा एकच!

नागपूरच्या भोवतालचा मुलूख तर गोंदणाचे माहेरघर होय. रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर चार भागांचा मोठा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी नागपूर हीच मध्यप्रांताची राजधानी होती. गोंदणाऱ्या स्त्रियांची पुष्कळ माहिती त्या ग्रंथात मिळते. गोंडांचे भाट व शकुन सांगणारे जे ओझा, त्यांच्या स्त्रिया गोंदत. छत्तीसगडकडे देवार जातीच्या स्त्रिया गोंदत. आणि मंडला-दिंडोरीच्या रानात बैगा स्त्रियांच्या अंगावर बादी जातीच्या स्त्रिया गोंदत. व्हेरिअर एल्विन ह्यांच्या १९३९ मधील बैगांवरील ग्रंथातही ह्या कलेचे तपशीलवार वर्णन आहे. बैगा मुलीच्या कपाळापासून आरंभ करून पुढे वयाच्या टप्प्याटप्प्याने हात, पाठ, पाय असे सर्वांग गोंदण्याची त्यांची चाल. तेलबिया भाजून किंवा दिव्यावर काजळी धरून रंग करावयाचा, पाचसहा सुया एकत्र बांधून टोचावयाचे, आणि नंतर हळद लावावयाची, असा साधारण क्रम असे. मुलीने रडू नये म्हणून गोंदताना गाणी म्हणत. मजुरी बहुधा धान्याच्या रूपाने मिळे.

अशा फिरत्या धंद्यांत स्पर्धा नव्हती असे कोणी समजू नये. पोट आले की स्पर्धा आली. परंतु तिला बांध घातलेला असे. महाराष्ट्रातील अनेक फिरत्या व्यावसायिकांत गावे वाटून घेण्याची रीत होती. एकाच्या गावात दुसऱ्याने जावयाचे नाही, गेल्यास तंटा जातपंचायतीपुढे यावयाचा. पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथाच्या यात्रेत भटक्या जमातींच्या अशा पंचायती भरत असत. ह्या पंचायतींनी पुष्कळदा अन्यायही केला, स्त्रियांवर तर विशेष केला, हे खरे आहे आणि त्यांचे गुणगान करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे की, स्पर्धा कोठवर चालावी ह्याविषयी धंद्यातील लोकांनीच ठरविलेला काही नियम होता. तो नियम गेला; मग त्याच्या जागी काय आले, हा प्रश्न आहे.

मिहानचा नवा मुलूख

नागपुराहून वर्धा रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे विमानतळ ओलांडल्यावर मिहानचा विस्तार लागतो. विमानतळ, मालवाहतूक आणि उद्योग ह्यांचे एक मोठे केंद्र येथे उभारावे म्हणून २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, आणि शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ह्या बाजूच्या शेतजमिनी प्रकल्पासाठी घेण्यात आल्या. आज तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, एम्सचे मोठे रुग्णालय आहे, आणि मार्च २०१९ पासून सीताबर्डीहून खापरीपर्यंत मेट्रोगाडी धावते.

ह्या गाडीत सकाळच्या वेळी बसले असता एक मौज दिसते. कोपऱ्यात भाजीची टोपली घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या मनगटावर जुने हिरवे गोंदण असते. आणि तिच्या समोर, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकविलेल्या तरुणाच्या अगर तरुणीच्या हातावर काळे कुळकुळीत नवे गोंदण असते. एकीने ते जत्रेत पायलीभर जोंधळ्यावर करून घेतले. दुसऱ्याने थंडगार खोलीत, गादीच्या खुर्चीवर पडून, काही हजार रुपये देऊन. जमीन तीच, कातडी तीच, सुईही एका अर्थी तीच. दोघेही एकमेकांकडे पाहतात आणि दोघांनाही आपण एकाच कलेचे यजमान आहोत असे वाटत नाही.

ह्या नव्या यजमानवर्गामुळे नागपुरात सीताबर्डी, सदर, धरमपेठ अशा भागांतून गोंदण्याची दुकाने निघाली आहेत. दुकाने आली म्हणजे पाट्या आल्या, दरपत्रके आली, उमेदवार आले, आणि एकमेकांची उणीदुणीही आली. आमच्या बंधूंचा नातू मिहानमधील एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. त्याने घरी न सांगता हातावर गरुडाचे चित्र गोंदवून घेतले. चित्र बिघडले, पंखाची छाया काढताना शाई पसरून तेथे एक निळसर डागच राहिला. घरात जे व्हावयाचे ते झाले. पुढे महिना दोन महिन्यांनी जखम पुरी भरल्यावर तो दुरुस्तीसाठी शहरातील दुसऱ्या एका दुकानात निघाला, तेव्हा कुतूहल म्हणून आम्हीही त्याच्याबरोबर गेलो.

दुकानदार पस्तिशीचा गृहस्थ होता. त्याने हात दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला आणि विचारले, “हे कोणाच्या हातचं?” मुलाने दुकानाचे नाव सांगून वर जोडले, “त्याला काही येत नाही.”

“असं नका म्हणू, दादा,” तो म्हणाला. “रेघ पहा, एका दमात ओढली आहे. शेडिंगला सुई जरा खोल गेली, एवढंच. पहिल्या वर्षी माझीही जात होती.” मग त्याने जे सांगितले ते आम्हास अगदी अनपेक्षित होते. “आधी त्यांच्याकडे जा. काम त्यांचं आहे, सुधारायची पहिली संधी त्यांची. ते नाही म्हणाले तर मी आहेच.”

हातात आलेले गिऱ्हाईक हा मनुष्य परत का पाठवितो, असे आम्ही त्याला विचारले. तो हसून म्हणाला, “काकाजी, माझं काम घेऊनही लोक त्यांच्या दुकानात जातातच. आज मी हसलो तर उद्या ते हसतील, आणि आम्हा दोघांच्या हसण्यात कातडं गिऱ्हाइकाचं जाईल.”

मुलगा पहिल्या दुकानात गेला. तेथील कारागीर वयाने लहान. दुसऱ्याने पाठविले हे ऐकून तो प्रथम चपापला, नंतर म्हणाला, “हे झाकायला जेवढा हात लागतो तेवढा माझा अजून बसला नाही. त्यांनाच करू द्या. मी पाहायला येतो म्हणावं.” आणि खरोखरच तो एक दुपार आपले दुकान बंद ठेवून येऊन बसला. डागाभोवती नवीन पिसे कशी उठविली, गडद जागेचा उपयोग छाया म्हणून कसा केला, हे तो मान वाकवून पाहत होता. कोणी कोणास गुरू म्हटले नाही, कोणी पाया पडले नाही. परंतु आम्हास कौशिकीच्या निवाड्याची आठवण झाली.

ह्यावरून त्या दोघांत गळ्यात गळा होता असे मात्र नव्हे. मोठ्या दुकानदाराकडे उमेदवारी केलेल्या एका मुलाने दोन वर्षांत काम उचलले, आणि बाहेर पडून हाकेच्या अंतरावर दुकान थाटताना जुन्या गिऱ्हाइकांचे फोननंबरही बरोबर नेले, ही सल त्याच्या मनात होती. त्या मुलाला आरंभी जागा दिली होती ती ह्याच धाकट्या कारागिराने. ती गोष्ट निघताच मोठ्याचा चेहरा बदलला व त्याने विषय टाळला. स्पर्धा खरी होती, जखमही खरी होती. तरी दुसऱ्याच्या हाताची सरळ रेघ सरळ म्हणण्याइतकी त्याची जीभ सरळ राहिली होती. आदर म्हणजे प्रेम नव्हे. प्रेम नसतानाही जो टिकतो त्यालाच धंद्यातील आदर म्हणावे.

न पुसणारे अक्षर

ह्या धंद्यात हा धर्म इतर धंद्यांपेक्षा अधिक का लागतो, ह्याचे कारण शरीरातच आहे. कातडीचा वरचा पापुद्रा सतत झडत असतो. म्हणून शाई त्याच्या खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, सोडावी लागते. वर राहिली तर निघून जाते, फार खोल गेली तर पसरते. खालच्या थरात शरीराच्या रक्षक पेशी ही शाई परकी समजून गिळून टाकतात आणि धरून ठेवतात. फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून २०१८ मध्ये असे दाखविले की, अशी पेशी मेली म्हणजे तिच्यातील शाई सुटते आणि तेथे आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. पिढ्या बदलतात, शाई जागीच राहते. लेझर किरणांनी ती पुष्कळशी काढता येते, परंतु त्यास अनेक बैठका लागतात, खर्च मोठा येतो, आणि काही रंग तर फार चिवट असतात.

शिंप्याचे काम बिघडले तर कपडा उसवता येतो, सुताराचे बिघडले तर फळी बदलता येते. गोंदणाऱ्याची चूक मात्र चालत-बोलत गावभर फिरते, आणि बहुधा प्रतिस्पर्ध्याच्याच दुकानात जाऊन बसते. जुन्या कामावर नवे काम चढविण्यास हे लोक ‘कव्हर-अप’ म्हणतात. प्रत्येकाच्या सुईला कधी ना कधी दुसऱ्याच्या सुईवरून जावेच लागते. आपली चूक उद्या ज्याच्या हाती पडणार, त्याच्याशी वैर किती करावे, ह्याचा विचार ह्या धंद्यात शहाण्यास करावाच लागतो.

खटले आणि खटल्यांचे धडे

परदेशांत ह्या स्पर्धेने न्यायालयाची पायरीही चढलेली आहे. थॉमस एडिसनने १८७६ मध्ये कागदावर भोके पाडून नकला काढण्याच्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. न्यूयॉर्कमधील सॅम्युएल ओरायली नावाच्या गोंदणाऱ्याने त्याच कल्पनेवरून गोंदण्याचे विजेचे यंत्र केले आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याचे पेटंट मिळविले. पुढे १९०० च्या सुमारास एल्मर गेचेल नावाच्या दुसऱ्या गोंदणाऱ्याने आपले यंत्र चोरले म्हणून त्याने फिर्याद केली; गेचेलचे म्हणणे, माझे यंत्र निराळेच आहे. १९०४ मध्ये चार्ली वॅग्नर ह्याने आणखी सुधारलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनची लेखणी कचेऱ्यांतून केव्हाच गेली. पण ह्या भांडखोर मंडळींनी तिचा जो वंश वाढविला, तो अजून दुकानादुकानांतून गुणगुणतो आहे.

दुसरा खटला आमच्या काळातील, आणि अधिक बोधप्रद आहे. मुष्टियोद्धा माइक टायसन ह्याच्या चेहऱ्यावर व्हिक्टर व्हिटमिल नावाच्या कारागिराने २००३ मध्ये एक वेलबुट्टीसारखे चित्र गोंदले. २०११ मध्ये एका विनोदी बोलपटात दुसऱ्या नटाच्या चेहऱ्यावर तेच चित्र दाखविण्यात आले. व्हिटमिलने चित्रपट कंपनीवर दावा लावला की, चेहरा टायसनचा असला तरी चित्र माझे आहे. न्यायालयाने बोलपट थांबविला नाही, तथापि दाव्यात काही अर्थ नाही असेही म्हटले नाही. अखेर आपसांत तडजोड झाली. परंतु खरा प्रश्न विचारला तो न्यूझीलंडच्या माओरी विद्वानांनी. ही धाटणी मुळात आमच्या पूर्वजांच्या चेहऱ्यांवरील गोंदणाची. ती उचलणारा मनुष्य आज ती आपली मालमत्ता कोणत्या तोंडाने म्हणतो? चोरीची फिर्याद करणाऱ्याने स्वतः कोणाकडून काय घेतले होते, हे कोर्टात विचारले गेले नाही.

जपानची गोष्ट ह्याहून निराळी. तेथे १८७२ मध्ये गोंदण्यास सरकारी बंदी झाली, ती १९४८ मध्ये उठली. एवढ्या काळात कला गुरुशिष्यपरंपरेने आडून-पडद्याने जगली. पुढे २०१५ मध्ये ओसाका येथे ताइकी मासुदा नावाच्या गोंदणाऱ्यावर, वैद्यकीचा परवाना नसताना सुई चालविली म्हणून कारवाई झाली. दंड भरून मोकळे होणे सोपे होते. त्याने तो न भरता खटला लढविला, आणि धंद्यातील इतरांनीही त्याला साह्य केले. सप्टेंबर २०२० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोंदणे हे वैद्यकीय कृत्य नव्हे असा निर्णय कायम केला. एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे लोक धंद्यावरच संकट आले तेव्हा एकत्र उभे राहिले. कारण धंदाच गेला तर गिऱ्हाईक ओढावयाचे कोठून?

स्वस्ताईची स्पर्धा

स्पर्धेचा एक प्रकार मात्र असा आहे की त्याविषयी मौन बाळगणे हा आदर नव्हे, अपराध होय. तो म्हणजे सुईच्या स्वच्छतेत काटकसर करून दर उतरविणे. जत्रेत, फूटपाथवर, एकच यंत्र, एकच सुई आणि एकाच वाटीतील शाई घेऊन दिवसभर माणसांमागून माणसे गोंदणारे लोक आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. ह्या मार्गाने कावीळ ब आणि क ह्या प्रकारांचा, तसाच एचआयव्हीचा, संसर्ग पसरू शकतो. ह्याच कारणास्तव राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, गोंदवून घेतल्यावर बारा महिनेपर्यंत रक्तदान करू नये असे सांगितले आहे.

चांगल्या दुकानात सुई एका माणसास एकदाच वापरतात आणि त्याच्या डोळ्यांदेखत सीलबंद पाकीट फोडून काढतात. शाई लहान टोपणात वेगळी ओततात व उरलेली टाकून देतात. जी उपकरणे पुन्हा वापरावयाची, ती ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश उष्णतेच्या दाबलेल्या वाफेत निदान पंधरा मिनिटे ठेवतात. ह्या प्रत्येक गोष्टीस पैसा पडतो. शेजारचा निम्म्या दरात काम करू लागला म्हणजे प्रामाणिक कारागिरावर पहिला मोह येतो तो येथेच. वर वर्णिलेल्या दुकानदारास आम्ही विचारले की, प्रतिस्पर्ध्याची निंदा तुम्ही कधीच करीत नाही काय? तो म्हणाला, “हात वाईट असला तर मी गप्प बसतो. हात शिकता येतो. सुई दुसऱ्यांदा वापरली तर मात्र ओरडून सांगतो.” ह्यापेक्षा चांगला नियम एखाद्या धर्मशास्त्रकारानेही सांगितला नसता.

ह्याच्या उलट एका तिसऱ्या दुकानाचा अनुभव आला. तेथील मालकाने पंधरा मिनिटांत शहरातील सर्वांस नालायक ठरविले आणि आपल्या कामाच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह पुढे ठेवला. पाने उलटता उलटता आमच्या नातवाने त्यात आपल्याच हातावरचा दुरुस्त केलेला गरुड ओळखला!

मूळ धनिणी

ह्या सर्व विचारातून एक प्रश्न उरतो, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा आहे. ही दुकाने ‘ट्रायबल’ म्हणून जे ठिपके, त्रिकोण आणि नागमोडी रेघा विकतात, त्यांच्यातील काही दूरदेशींच्या बेटांवरच्या असतील. परंतु काही येथल्याच, मंडला-दिंडोरीच्या व गोंडवनाच्या आहेत. त्या ज्यांच्या हातून आल्या, त्या ओझा, देवार आणि बादी स्त्रियांस ह्या धंद्याच्या पंगतीत पान मांडले आहे काय? दोन दुकानदार एकमेकांचा आदर करतात, हे आम्ही कौतुकाने सांगितले. पण जी बाई झाडाखाली बसून, आरशावाचून, साच्यावाचून, नुसत्या हाताने मांडीवर ओळीत शंभर ठिपके सारख्या अंतरावर पाडते, तिला ‘व्यवसायबंधू’ समजण्याची वेळ अजून आलेली दिसत नाही. तिच्या सुईचे दोष आम्ही वर सांगितलेच आहेत. स्वच्छ सुई तिला मिळाली पाहिजे, ह्यात वाद नाही. परंतु सुई जुनी म्हणून विद्या जुनाट, असे ठरत नाही.

सुदैवाने काही चिन्हे चांगली आहेत. दिंडोरी जिल्ह्यातील लालपूरच्या मंगलाबाई मरावी ह्यांनी आपल्या आईकडून शिकलेले बैगा गोंदण कातडीवरून कागदावर आणि कापडावर उतरविले, आणि शहरांतील प्रदर्शनांतून ते लोकांपुढे ठेवले. मणिपूरचे मोरांगम खालिंग, ज्यांना लोक मो नागा म्हणून ओळखतात, ह्यांनी नागा जमातींच्या लोपत चाललेल्या गोंदणाचा गावोगाव फिरून अभ्यास केला; कोणते चिन्ह कोणत्या जमातीचे आणि त्याचा मान कोणास, ह्याचा विवेक ठेवूनच नवे काम केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. असे काम नागपूरच्या तरुण कारागिरांस फार जवळ आहे. मंडला-दिंडोरी येथून कितीशी दूर?

आता घरच्या मंडळींस दोन शब्द. गोंदवावे की न गोंदवावे, ह्या वादात आम्ही पडत नाही. मुलगा अगर मुलगी सैन्यात जाऊ इच्छीत असेल तर एवढे ध्यानात असावे की, भरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या पाठीवर असलेले कायमचे गोंदणच चालते. आदिवासी उमेदवारांस त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. बाकी ज्यास गोंदवायचेच आहे त्यास रागावून उपयोग नाही. कारण राग आला की तो न सांगता जातो, आणि न सांगता गेला की स्वस्तात जातो. त्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी बरोबर जावे. सुईचे पाकीट समोर फोडतात का, ते पहावे. चित्र कोठले आहे, कोणाचे आहे, हे विचारावे. ज्यास आपल्या चित्राचे कूळ सांगता येते तो बहुधा अभ्यास करणारा असतो. आणि शेवटी, शेजारच्या दुकानाविषयी त्याचे काय मत आहे, हे सहज म्हणून विचारून पहावे. त्याने शिव्यांची लाखोली वाहिली तर घरी परत यावे. “त्यांची रेघ चांगली आहे,” असे तो म्हणाला, तर खुशाल हात पुढे करावा.